अकरा वर्षं माळ्यावर पडलेली बेस गिटार आणि ६६ वर्षांचे रॉक वादक काका: दोघांना डिसेंबरपर्यंत तयार करायचंय (सांगली)

गावभागकर

नमस्कार मंडळी. काकांसाठी विचारतोय. वय ६६, तीस वर्षं रॉक बँड आणि ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, गेली अकरा वर्षं पूर्ण बंद. डिसेंबरात जुन्या वादकांचा दोन तासांचा कार्यक्रम ठरतोय. चौदा गाणी, बहुतेक सत्तरच्या दशकातलं हार्ड रॉक. हातात साडेचार महिने आहेत.

गिटारची अवस्था: चार तारांची, प्रिसिजन (फेंडर कंपनीचं मॉडेल) धाटणीची, जपानी बनावटीची, पॅसिव्ह (बॅटरी नाही). नेक (लांब दांडा) चार स्क्रूंनी बसवलेली, ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, तिचा बाक सरळ करणारी सळई) नट हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे). केसमध्ये घालून माळ्यावर ठेवली होती, तारा ताणलेल्याच राहिल्या. आता बाराव्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) ई तार जवळजवळ ५ मिमी वर आहे. फिंगरबोर्डवर पांढरी बुरशी. व्हॉल्यूम फिरवला की खरखर, केबल हलवली की आवाज जातो-येतो. तारांना हात लावला की घूंऽऽ थांबतं, हात काढला की परत सुरू.

काकांचं म्हणणं, "नवी आणून द्या, ही संपली." मला ती संपली असं वाटत नाही. कुठून सुरुवात करू? आणि इतक्या गॅपनंतर त्यांच्या हातासाठी काय करावं?

---

खर्जातला_सा

संपलेली नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत एकही असं नाही ज्यासाठी गिटार टाकून द्यावी लागेल. पण क्रम चुकवू नका. नेक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं), याच क्रमाने. बहुतेक लोक आधी ब्रिजचे सॅडल (तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) खाली करतात, तारा फ्रेटला घासायला लागतात आणि मग गिटारला नावं ठेवतात.

चार तारांचा नेहमीचा संच (४५-६५-८५-१०५, जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) सुरात असताना नेकवर एकूण ७५ ते ८५ किलोंचा ताण असतो. अकरा वर्षं तो ताण आणि माळ्यावरचा उन्हाळा, म्हणजे नेक पुढच्या बाजूला वाकणारच. ५ मिमीचं मुख्य कारण तेच असणार.

आधी मोजा. एखाद्या टू-व्हीलर मेकॅनिककडून फिलर गेज आणा, टॅपेट सेट करायला वापरतात ते. गिटार सुरात लावा. मांडीवर, वाजवायच्या स्थितीत धरा, टेबलावर आडवी ठेवून मोजू नका. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपो (तार दाबून धरणारा चिमटा) लावून दाबा आणि उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा. तार म्हणजे आता सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांत किती फट आहे ते गेज सरकवून बघा. ०.३ ते ०.३५ मिमी हवी. तुमच्याकडे १ मिमीच्या पुढे निघेल असा अंदाज आहे.

ट्रस रॉड घट्ट केला (घड्याळाच्या काट्याच्या दिशेने) की नेक मागे येते, फट कमी होते. पण इतकी वर्षं न हललेल्या नटला एकदम आवळायचं नाही. तारा निम्म्या सैल करा. नटच्या आट्यांवर सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, तासभर थांबा. पहिला पाव फेरा उलटा द्या, म्हणजे सैल करा. नट मोकळा फिरतो याची खात्री झाली की मूळ जागी आणा आणि तिथून पाव फेरा घट्ट करा. तारा सुरात लावा, एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी मोजा. एका दिवसात पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका. लाकूड सावकाश हलतं. आज मोजलेलं माप उद्या सकाळी वेगळं असतं.

ॲलन की बरोबर बसणारीच हवी. मिमी आणि इंचाचे संच घरात मिसळलेले असतात. ४.५ मिमीची की पावणेपाच मिमीच्या खाचेत "बसते", आणि जोर लावला की खाचेचे कोपरे गोल होतात. मग त्या नटला काहीच करता येत नाही. की आत पूर्ण खोल गेली पाहिजे आणि जरासुद्धा डुलता कामा नये. मनगटाच्या जोराने नट हलेनासा झाला तर थांबा, कीला पाइप लावून फिरवू नका. रॉड तुटला तर फिंगरबोर्ड उचकटावा लागतो, आणि तेव्हा मात्र काकांचं म्हणणं खरं ठरेल.

नेक जागेवर आली की तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या कडेपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंत ई तार २.४ मिमी, जी तार २ मिमी. हार्ड रॉक जोरात वाजवायचं असेल तर ई २.६ ठेवली तरी चालेल. सॅडल पूर्ण खाली बसूनही तारा उंचच राहिल्या तर नेकच्या खोबणीत, पिकअपच्या (तारांचा कंप पकडणारा चुंबकी भाग) बाजूच्या टोकाला, अर्धा मिमी जाडीची लाकडी चिपटी घालतात. त्याने नेक किंचित मागे झुकते. हे करायच्या आधी परत इथे विचारा, कारण शेवटचे चार-पाच फ्रेट वर उचलले गेले असतील तर दुखणं वेगळं आहे, ट्रस रॉड आणि चिपटी दोन्हींनी ते जात नाही.

इंटोनेशन शेवटी आणि नव्या तारांवरच. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. जुन्या तारांची जाडी जागोजागी झिजलेली असते, त्यांच्यावर केलेलं इंटोनेशन म्हणजे वाया गेलेली संध्याकाळ.

आणि हो, आत्ता पावसाळा आहे. कृष्णाकाठच्या दमट हवेत आज लावलेली नेक नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत तशीच राहणार नाही. कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी पुन्हा मोजायचं, हे आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

सोल्डर_आणि_सूर

वायरिंगचं माझ्याकडे.

हात लावला की घूं थांबतं ही चांगली बातमी आहे. ब्रिजखाली एक अर्थची वायर असते, ती शाबूत आहे असा त्याचा अर्थ. हात लावल्यावर घूं वाढलं असतं तर काळजी होती.

केबल हलवल्यावर आवाज जाणं: दहातल्या नऊ वेळा बाहेरून जॅकचा नट ढिला झालेला असतो आणि कोणीतरी तो बाहेरूनच आवळलेला असतो. मग आतला अख्खा जॅक गोल फिरतो, वायरी पीळ खातात आणि एक तुटायला येते. म्हणून प्लेट उघडा, आतून जॅक बोटांनी पकडा आणि मगच बाहेरून पाना लावा. जॅकची पाती, ज्यात केबलचं टोक अडकतं, ती सैल असेल तर किंचित आत वाकवा. सोल्डरचा टाका राखाडी, दाणेदार दिसत असेल तर तो कोरडा टाका आहे. जुनं सोल्डर काढा, नवं लावा. चांगला टाका चकचकीत आणि खोलगट दिसतो.

खरखर: पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) पाठीवर, पायांच्या वर एक छोटी फट असते. कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी तिथे लावून एक सेकंद फवारा, लगेच टोकापासून टोकापर्यंत तीसएक वेळा फिरवा. दहा मिनिटं वाळू द्या. दाराच्या बिजागऱ्यांना मारतो तो गंजाचा स्प्रे वापरू नका. तो दोन दिवस बरा वाटतो, नंतर त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते. क्लीनरनेही गेलं नाही तर पॉट बदला, २५० किलो-ओमचा. टोनचा कपॅसिटर बहुतेक ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल, त्याला हात लावायची गरज नाही.

पिकअप जिवंत आहे का ते उघडायच्या आधीच कळतं. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, केबलच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटर ओमवर. मधल्या टोकापासून बाहेरच्या नळीपर्यंत १० ते १२ किलो-ओम दाखवलं की पिकअप ठीक. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत असतो (१९५७ पासूनची ही रचना), आणि दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे एकाची तार तुटली तरी दोन्ही बंद होतात.

बुरशीबद्दल: आधी सुक्या कापडाने, उघड्या हवेत, नाकाला रुमाल बांधून पुसा. फिंगरबोर्ड काळपट रोझवुडचा असेल तर मग लेमन ऑइलचे चार थेंब कापडावर घेऊन चोळा आणि पाच मिनिटांत पुसून टाका. पिवळा लॅकर मारलेला मेपल असेल तर तेल अजिबात नाही, ओलसर कापड पुरे. फ्रेट काळे पडले असतील तर ०००० नंबरचं स्टील वूल, पण त्याआधी पिकअपवर मास्किंग टेप चिकटवा. स्टीलचा भुगा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

---

मिरज_जंक्शन

सांगलीत राहून मिरजेला विसरलात!

नट (ट्रस रॉडचा नव्हे, हेडस्टॉकजवळची तारांच्या खाचांची पट्टी) झिजला असेल (मोकळी तार वाजवल्यावर झणझणते आणि पहिला फ्रेट दाबला की साफ वाजते, हे लक्षण) तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हाडाचा नट हाताने घासून मिळू शकतो. या लोकांचं हाड घासण्याचं कसब पिढ्यांचं आहे. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मात्र काम सांगताना एक गोष्ट नीट समजावून सांगा. सतारीची जवारी काढणाऱ्या हाताला तार घोडीवर लांबवर घासत, गुंजत राहावी असंच शिकवलेलं असतं. तो गुंजारव म्हणजे त्या वाद्याचा प्राण. बेसच्या नटला नेमकं उलटं हवं: तार एकाच काठावर टेकली पाहिजे, फिंगरबोर्डच्या बाजूच्या. खाच हेडस्टॉककडे उतरती हवी. खाच सपाट राहिली तर मोकळी ई तार तंबोऱ्यासारखी वाजेल. नमुना म्हणून जुना नट सोबत द्याच. १०५ ची तार म्हणजे २.६७ मिमी जाडी, खाच तिच्यापेक्षा केसभर रुंद. खोली तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, साधा कागद सरकेल एवढी फट राहिली की झालं.

फ्रेटचं काम मात्र तिथे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले आणि बोर्डच्या गोलाईला जुळवून घासलेले. कसब दोन्हीकडे आहे, पण ही कामं वेगळी.

---

गावभागकर

खूप आभार. मोजलं: फट १.१ मिमी. पाव फेरा उलटा, मग पाव फेरा घट्ट, दोन्ही सुरळीत झालं. नट ठीक आहे, मोकळ्या तारा झणझणत नाहीत. जॅकमध्ये खरंच एक वायर पीळ खाऊन एका धाग्यावर लटकत होती.

आता तारा. काका म्हणतात राउंडवाउंडच (गोल तारेचं वेष्टण), दुकानदार म्हणतो वयाच्या माणसाला फ्लॅटवाउंड (चपटं वेष्टण) सोप्या जातील. कोणाचं ऐकू?

---

खर्जातला_सा

काकांचं ऐका. दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे: फ्लॅटवाउंड बोटांना गुळगुळीत लागतात. पण बहुतेक फ्लॅटवाउंड संच त्याच जाडीत जास्त ताठ असतात, डाव्या हाताला ते जड जातात. आणि गाणी कोणती आहेत ते बघा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड तारांवर, ब्रिजपाशी स्पंज दाबून, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, तारा मुळी बदलायचाच नाही. त्या गाण्यांना तो बुजका, गोल आवाज शोभतो. सत्तरच्या हार्ड रॉकचा बेस दोन गिटार आणि जोरकस ड्रममधून वर यावा लागतो, त्याला धार हवी. ती धार 'द हू' बँडचा बेसवादक जॉन एंटविसल याच्यामुळे रॉकमध्ये आली. १९६६ मध्ये त्याने रोटोसाउंड कंपनीसोबत बसून राउंडवाउंड तारा हव्या तशा करून घेतल्या.

हाताला सोपं करायचे दोन खरे उपाय आहेत. एक, ४०-६०-८०-१०० चा हलका संच. एकूण ताण सुमारे दहा किलोंनी उतरतो. दोन, अख्खा बँड अर्धा सूर खाली लावा. कंपनसंख्या सहाएक टक्क्यांनी उतरते पण ताण अकरा टक्क्यांनी, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो. साठीतल्या गायकालाही हे मानवतं, त्यामुळे विरोध होणार नाही. फक्त हे आताच ठरवा, कारण नेकचं माप त्याच ताणावर लावायचं आहे. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात अर्धा सूर उतरवला तर तुमची सगळी मापं हलतील.

तारा घालताना: एकेक बदला. तार खुंटीच्या पुढे १०-१२ सेंमी जास्त ठेवा. तोडायच्या आधी तिथे काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पलीकडे तोडा. सरळ तारेवर पक्कड चालवली तर बाहेरचं वेष्टण आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि नवी कोरी तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते. मग लोक तार बनवणाऱ्याला दोष देतात. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली घाला, दोन-तीन वेढे खालच्या दिशेने. सुरात आल्यावर नटपाशी आणि सॅडलपाशी तार अंगठ्याने दाबून बसवा.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विझताना दिसेल. या धाटणीच्या नेकचा तो स्वभाव आहे, तार खराब नाही. तो सूर डी तारेवर पाच फ्रेट वर घ्या.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

हाताबद्दल लिहितो. या धाग्यात त्यावर अजून कोणी बोललं नाही, आणि साडेचार महिन्यांतला खरा वेळ तिथेच जाणार आहे.

३४ इंची स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) पहिल्या आणि चौथ्या फ्रेटमधलं अंतर १३ सेंमी आहे. चार बोटांना चार फ्रेट, ही गिटारवाल्यांची सवय तिथे ६६ वर्षांच्या हाताला लावली की अंगठ्याच्या मुळाशी दुखणं ठरलेलं. पाचव्या ते आठव्या फ्रेटमध्ये तेच अंतर १०.३ सेंमी होतं. म्हणून पहिले तीन आठवडे सगळा रियाज पाचव्या फ्रेटच्या पुढे. खाली उतरल्यावर कॉन्ट्राबासवाल्यांची (उभा, मोठा बेस) पद्धत धरायची: पहिलं बोट, दुसरं बोट, आणि करंगळी-अनामिका एकत्र. एका जागी तीनच फ्रेट, चौथ्यासाठी अख्खा हात सरकवायचा. हात सरकवणं म्हणजे कमीपणा नाही, शंभर वर्षांहून जुनी शिस्त आहे ती.

एका बैठकीत तास काढू नका. दिवसातून तीनदा दहा मिनिटं, मध्ये किमान दोन तास. चौथ्या आठवड्यापासून पंधरा मिनिटं, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एकदा सलग पस्तीस मिनिटं उभं राहून. स्नायू थकून जड होणं ठीक आहे. टोचणी, मुंग्या, बधिरपणा, रात्री बोटं आखडणं यातलं काहीही झालं तर तीन दिवस बंद, आणि तरीही राहिलं तर डॉक्टर. अकरा वर्षांपूर्वीचा वेग मेंदूला आठवत असतो, कंडरांना नाही. म्हणूनच जुन्या वादकाला नवशिक्यापेक्षा दुखापत लवकर होते: नवशिक्याला मुळात तेवढं जोरात वाजवता येत नाही.

पट्टा रुंद घ्या, तीन-चार इंची, मागून खरखरीत. गिटारचं वजन चार-साडेचार किलो असणार. बसल्यावर गिटार जिथे असते तिथेच उभं राहिल्यावर आली पाहिजे, एवढा पट्टा आखूड करा. गुडघ्यापर्यंत लोंबती गिटार फोटोत रुबाबदार दिसते, पण डावं मनगट काटकोनात वाकवते.

उजवा हात. काका बोटांनी वाजवायचे की पिकने (तार छेडायची चकती)? हार्ड रॉकमध्ये १४० च्या लयीला सलग आठव्या मात्रा (एका ठोक्यात दोन सूर) म्हणजे सेकंदाला साडेचारच्या वर सूर. बोटांनी असेल तर मधलं-पहिलं काटेकोर आलटून पालटून. पिकने असेल तर १ मिमीच्या आसपासचा पिक, फक्त खालच्या दिशेने, आणि हालचाल मनगटातून. एसी/डीसीचा क्लिफ विल्यम्स १९७७ मध्ये बँडमध्ये आला आणि २०१६ च्या दौऱ्यापर्यंत मुख्यतः हेच करत राहिला: मूळ सूर, सरळ आठव्या मात्रा. ऐकायला सोपं वाटतं. दोन तास करून बघा. प्रत्येक सूर तेवढाच जोरात, तेवढ्याच लांबीचा, आणि एकही सूर पुढे पळालेला नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच, सुराची लांबी. सूर सुरू कुठे करायचा ते बास ड्रम सांगतो. तो तोडायचा कुठे, हे बेसवाल्याच्या हातात असतं, आणि मुरलेला वादक तिथेच ओळखू येतो. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) पडते त्या क्षणी सूर तोडला की स्नेअर दुप्पट मोठी वाटते. तसाच वाहू दिला की सगळं चिखल होतं. रियाज असा: मेट्रोनोम ६० वर, टिकटिक दुसरी आणि चौथी मात्रा समजायची (म्हणजे गाण्याची लय १२०). ए तारेवर पाचव्या फ्रेटचा डी. पहिल्या मात्रेवर सुरू, दुसऱ्या मात्रेच्या टिकवर डाव्या हाताचं बोट सैल करून बंद, बोट तारेवरून उचलायचं नाही. उचललं की मोकळी तार गुणगुणते. दहा मिनिटं फक्त हे. कंटाळवाणं आहे, पण चौदा गाण्यांपैकी बारांना यानेच आकार येईल.

तेराएक गाण्यांवर दोन महिन्यांत हात बसला आणि एखादं फार धावतं गाणं बसलं नाही, तर ते गाणं काढून टाका. यादी बदलता येते.

---

मांडव_साउंड

कार्यक्रम बंद सभागृहात आहे की मांडवात? मांडवात असेल तर सुराच्या आधी विजेचं बघा.

जनरेटर किंवा तात्पुरत्या जोडणीवर अर्थिंग नसणं हे आपल्याकडे सर्रास. बेसच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइक मिक्सरच्या अर्थला. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर, त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं, आणि वादकाचा हात तारांवर, ओठ माइकला: सर्किट पूर्ण. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सीला असाच स्टेजवर विजेचा धक्का बसून वारला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक काडी गिटारच्या ब्रिजला, दुसरी माइकच्या जाळीला. शून्याच्या आसपास असायला हवं. काही व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कोणी वाजवायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत. ॲम्प आणि मिक्सर एकाच पॉइंटवरून घ्या. घूं येतं म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा.

आवाज: गिटार → ॲम्प, आणि डीआय बॉक्समधून वेगळी लाइन मिक्सरला. सहा तारांच्या गिटारच्या ॲम्पमध्ये बेस लावू नका, स्पीकरचा कोन फाटतो. मिक्सरवर ४० हर्ट्झखाली लो-कट. मोकळी ई मुळात ४१ हर्ट्झची आहे, त्याखाली फक्त स्टेजची धडधड. २०० ते २५० च्या आसपास ३ डेसिबल कमी करा, ८०० च्या आसपास २-३ वाढवा. साउंडवाले "बेस ऐकू येत नाही" म्हटलं की बेसचं बटण वाढवतात, त्याने सभागृह घुमतं आणि सूर तरीही कळत नाही. माणसाचा कान सूर ओळखतो तो वरच्या भागावरून. मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्येही तेच: छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही, म्हणून तालमीचं रेकॉर्डिंग हेडफोननेच ऐका.

ॲम्प कोपऱ्यात ढकलू नका, दोन्ही भिंती खर्ज फुगवतात. आणि जमिनीवर ठेवून पोटऱ्यांना ऐकवू नका, खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता ठेवा. काकांना स्वतःचा सूर नीट ऐकू आला की ते उजव्या हाताने कमी जोर लावतील. हाताचं अर्धं दुखणं असं मॉनिटरमध्येच सुटतं.

कानांसाठी संगीतकारांचे इअर प्लग घ्याच, १५ ते २० डेसिबल सगळे सूर सारखे उतरवणारे. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा कानाचा हिशोब आहे. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि ड्रमच्या शेजारी ते सहज भरतात. वर ज्या एंटविसलचं नाव आलं त्याची ऐकण्याची शक्ती शेवटी बरीच गेली होती. काकांना क्रॅश सिंबलच्या बाजूला नव्हे, हाय-हॅटच्या बाजूला पण अर्धं पाऊल पुढे उभं करा, म्हणजे ड्रमरचा उजवा पाय दिसेल.

---

गावभागकर

सभागृह आहे, मांडव नाही. तरी मल्टिमीटर घेऊन जाणारच.

सद्यस्थिती: चार दिवस रोज पाव फेरा, फट १.१ वरून ०.४५ वर. बँड अर्धा सूर खाली लावायला तयार आहे, ४० चा संच घातला, वाकवून मग तोडला. ई तार सतराव्या फ्रेटवर ३ मिमी, सॅडल अजून खाली जाऊ शकतात. पिकअप १०.४ किलो-ओम. काका पिकने वाजवायचे. सूर तोडण्याचा रियाज त्यांनी आज सकाळी केला आणि दहाच्या ऐवजी पंचवीस मिनिटं केला, मी गिटार काढून घेतली.

पाचवा पाव फेरा देऊ का?

---

खर्जातला_सा

आज नको. नवा संच, नवा ताण, लाकडाला दोन रात्री द्या आणि मोजा. ०.४ च्या वर राहिली तरच द्या, तोही पाव नाही, त्याच्या निम्मा. नंतर ई सॅडल अर्धी-अर्धी फेरी खाली, २.५ वर थांबा. पिकने खालच्या दिशेने वाजवणाऱ्याला त्याहून खाली नको.